मेंदूची मापे आणि विषम गटांचा हिशेब



दोन शाळांतील मुलांची एकच परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका तपासण्यास दोन निरनिराळे परीक्षक नेमिले म्हणजे काय होते, हे आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी अनुभविलेच असेल. एक परीक्षक सढळ हाताचा असतो. दुसरा वेलांटी चुकली तरी अर्धा गुण कापून घेतो. आता पहिल्या परीक्षकाकडे ज्या शाळेच्या पत्रिका गेल्या तीत मुली पुष्कळ आणि दुसऱ्याकडील शाळेत मुलगे पुष्कळ असे असले, आणि दोन्ही निकाल एका यादीत मिसळून कोणी ‘मुली मुलग्यांहून हुशार’ असा सिद्धान्त ठोकून दिला, तर त्यात मुलींची हुशारी किती आणि परीक्षकाचे औदार्य किती, हे त्या एका आकड्यावरून ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. आजचा माझा विषय हाच आहे. फक्त उत्तरपत्रिकांच्या जागी माणसांचे मेंदू आहेत, परीक्षकांच्या जागी रुग्णालयांतील प्रचंड चुंबके आहेत, आणि निकालावर अवलंबून असलेली गोष्ट वरच्या वर्गातील बढती नसून एखाद्या आजाराविषयीचे आपले ज्ञान ही आहे.

ज्यास सामान्यतः ‘एम. आर. आय.’ म्हणतात त्या यंत्राने कवटी न उघडता मेंदूची चित्रे घेता येतात, हे आता घरोघर ठाऊक झाले आहे. परंतु ही चित्रे केवळ पाहण्यासाठी नसतात. त्यांवरून मापेही काढतात. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंस हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. स्मरणशक्तीशी त्याचा निकट संबंध असून त्याचे आकारमान एका बाजूस साधारणतः तीन-साडेतीन घनसेंटिमीटर भरते. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत तो आक्रसत जातो. किती आक्रसतो, केव्हापासून आक्रसतो, हे कळावयाचे तर रुग्णांची व त्याच वयाच्या निरोगी माणसांची मापे शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात. आणि हा फरक घनसेंटिमीटरच्या दशांशांत मोजावा लागतो, ही गोष्ट आपण आरंभीच मनात धरून ठेवावी.

एका रुग्णालयास पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. म्हणून अनेक रुग्णालये आपापली मापे एकत्र करितात. आत्ममग्नता, म्हणजे ऑटिझम, ह्या अवस्थेसंबंधी ‘अबाइड’ नावाचा जो संग्रह २०१२ साली अभ्यासकांस खुला झाला, त्यात १७ ठिकाणांहून १,११२ व्यक्तींची माहिती आली होती. त्यांपैकी ५३९ आत्ममग्न आणि ५७३ इतर. एकूण आकडे किती समतोल दिसतात पाहा! पण बेरीज समतोल असली म्हणजे प्रत्येक ठिकाणचा ताजवा समतोल असतो असे नव्हे. आपल्या देशातही बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेच्या पुढाकाराने मुलांच्या व तरुणांच्या मनोविकासाचा असाच एक मोठा अभ्यास झाला. त्याची सात केंद्रे बंगळूर, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंडीगड, कोलकाता आणि पार इम्फाळ येथपर्यंत पसरलेली होती.

ठिकाणे अनेक झाली की मापकही अनेक होतात. कोठे १.५ टेस्ला शक्तीचे चुंबक, कोठे ३ टेस्लाचे. कारखानदार निराळा, डोक्याभोवती बसवावयाचे वेटोळे निराळे, चित्रे रचणारी संगणकाची प्रणाली निराळी. एकच माणूस आज एका यंत्रात व उद्या दुसऱ्यात निजविला, तर त्याचा मेंदू एका रात्रीत बदलत नाही, पण माप बदलते.

ही अडचण यंत्रांनी आणिली असे मात्र समजू नये. आपल्या शेजारच्या नागपुरास १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे प्रमुख डॉ. अ‍ॅनंडेल यांची आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांची भेट झाली, आणि कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराच्या मापांचा ढीग हिशेबासाठी महालनोबीस यांच्या हाती आला. संख्याशास्त्रात आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘अंतर’ ह्याच वाटेने पुढे जन्मास आले. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने मला त्यांचा १९२८ सालचा एक लेख अधिक मोलाचा वाटतो. जिवंत माणसांची मापे घेण्याच्या रीतीत एकवाक्यता असणे किती आवश्यक आहे, हा त्याचा विषय. नाकाची लांबी कोठून कोठवर धरावी ह्याविषयीच दोन मापकांचे मत जुळत नसेल, तर दोन जमातींच्या नाकांची तुलना करून काढलेला निष्कर्ष जमातींचा की मापकांचा? तेव्हा हाती कंपास होता, आज चुंबक आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. आकडे काल्पनिक आहेत, आणि सोपे जावे म्हणून गोल घेतले आहेत. समजा, एक केंद्र मोठ्या शहरात आहे व दुसरे जिल्ह्याच्या गावी. शहरातील यंत्र हिप्पोकॅम्पसचे माप थोडे मोठे दाखविते. जिल्ह्यातील यंत्र त्याहून ०.३० घनसेंटिमीटर कमी दाखविते. आजाराने होणारी खरी घट दोन्हीकडे सारखीच, ०.२० आहे. शहरात निरोगी माणसांची सरासरी ३.६० व रुग्णांची ३.४०, जिल्ह्यात निरोगी ३.३० व रुग्ण ३.१०. शहरात निरोगी स्वयंसेवक सहज मिळाले, म्हणून तेथे ८० निरोगी व २० रुग्ण. जिल्ह्याच्या रुग्णालयात धडधाकट माणूस कशास येईल? तेथे २० निरोगी व ८० रुग्ण. एकूण शंभर आणि शंभर. तक्ता पाहणारा म्हणेल, किती सुरेख समतोल!

आता सर्वांना एकत्र मिसळा. निरोगी शंभरांची सरासरी येते ३.५४ आणि रुग्णांची ३.१६. फरक ०.३८. खऱ्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट! आजार होता त्याहून दुप्पट उग्र भासू लागला, आणि हा जास्तीचा उग्रपणा सर्वस्वी यंत्रांचा आहे. उलट, शहरात ८० रुग्ण व २० निरोगी आणि जिल्ह्यात २० रुग्ण व ८० निरोगी असे घडले असते, तर निरोगी सरासरी ३.३६ आणि रुग्णांची ३.३४ आली असती. फरक अवघा ०.०२. मग ‘ह्या आजाराचा ह्या भागाशी संबंध नाही’ असे छापून यावयास काय हरकत होती? तीच माणसे, तीच यंत्रे, तोच आजार. केवळ कोण कोठे मोजला गेला ह्यावर एकदा राईचा पर्वत होतो आणि एकदा पर्वताची राई.

ह्यावरील उपाय आमच्या भागातील शेतकऱ्यास विचारला तर तो चटकन सांगेल. कापसाची दोन वाणे जोखावयाची असतील, तर एक वाण काळ्या जमिनीत व दुसरे बरडावर पेरून कोणी उताऱ्याची तुलना करीत नाही. काळीतील काळीशी पाहावे, बरडातील बरडाशी. संख्याशास्त्राचा पुष्कळसा भाग शेतीच्या बांधावरच वाढला आहे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड ह्या शेतीसंशोधन केंद्रात काम करणारे फ्रँक येट्स यांनी १९३४ साली, वर्गावर्गांत संख्या असमान असताना हिशेब कसा करावा, ह्यावर एक लेख प्रसिद्ध केला. ह्या विषयाचा तो पाया मानावयास हरकत नाही. आपल्याकडे वऱ्हाडात कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्याच्या शेतांवरून बांधण्याचे काम १९४० नंतरच्या दशकात व्ही. जी. पानसे व आर. जे. कळमकर यांनी केले, आणि पानसे व सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांनी लिहिलेला, शेतीच्या अभ्यासकांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली निघाला. मेंदूच्या चित्रांचे अभ्यासक आज जी समीकरणे मांडतात, त्यांचे मूळ असे कापसात आणि गव्हात आहे.

तर उपाय असा. प्रथम प्रत्येक केंद्राच्या आतच रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करावी आणि मग केंद्राकेंद्रांतील फरक एकत्र करावेत. वरील उदाहरणात शहराचा फरक ०.२०, जिल्ह्याचाही ०.२०, भूत जागच्या जागी नाहीसे झाले. समीकरणात ‘आजार’ आणि ‘केंद्र’ हे दोन्ही घटक एकदम घातले म्हणजे हेच काम होते.

पण एकत्र करावयाचे ते कोणत्या प्रमाणात? सर्व केंद्रांस एकेक मत द्यावे की माणसे मोजून मते द्यावीत? येथे एक छोटे सूत्र आहे, ते कागदावर लिहून ठेवण्यासारखे आहे. केंद्रातील रुग्णांची संख्या व निरोगींची संख्या यांचा गुणाकार करा आणि त्यांच्या बेरजेने भागा. मापांचा विखुरलेपणा सगळीकडे सारखा असेल, तर त्या केंद्राच्या शब्दाचे वजन इतके. ५० आणि ५० असतील तर २,५०० भागिले १००, म्हणजे २५. ८० आणि २० असतील तर १६. ९५ आणि ५ असतील तर पाचाहूनही किंचित कमी, ४.७५. आणि एखाद्या लहानशा केंद्रात केवळ १० रुग्ण व १० निरोगी असतील तर? शंभर भागिले वीस, म्हणजे ५. अर्थात वीस माणसांचे हे चिमुकले केंद्र, शंभर माणसे मोजणाऱ्या पण अवघे पाच रुग्ण असलेल्या बड्या केंद्रापेक्षा तुलनेच्या कामी रतिभर जास्तच भरते!

ह्या सूत्रात मला नुसते गणित दिसत नाही. सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागातले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. आर्वी, आष्टी, कारंजा ह्या बाजूंची माणसे बसने तेथवर येतात. अशा एखाद्या रुग्णालयाने उद्या एखाद्या मोठ्या अभ्यासात दहा रुग्ण व दहा निरोगी माणसे दिली, तर ‘वीसच काय ते, गाळून टाका’ असे म्हणण्याचा मोह मध्यवर्ती कचेरीस होणे अगदी साहजिक आहे. लहान केंद्रे गाळण्याची पद्धत पडली म्हणजे गळतात ती खेडी. मग मेंदूचे ‘सर्वसामान्य’ माप म्हणून जे पुस्तकात छापले जाते ते शहरातील, शिकलेल्या, सुपोषित माणसांचे असते, आणि त्या फूटपट्टीने पुढे आष्टीचा म्हातारा मोजला जातो.

दुसरा एक मोह असा की, संख्या समान करण्यासाठी जास्तीची माणसे काढून टाकावी. ८० निरोगी व २० रुग्ण आहेत ना? मग साठ निरोगी वगळा, वीसास वीस झाले! दिसावयास हे फार नीटनेटके दिसते, पण सूत्राला विचारा. वजन १६ होते ते १० झाले. साठ माणसांनी त्या अरुंद, खडखडणाऱ्या नळीत घालविलेला वेळ पाण्यात गेला, आणि हाती आले काय? वय अथवा स्त्री-पुरुष प्रमाण जुळविण्यासाठी काही निवड करावी लागली तर गोष्ट निराळी. केवळ संख्या असमान असणे हा दोष नव्हे. केंद्राकेंद्रांतील रुग्णांचे प्रमाण निराळे असणे, आणि ते विसरून सर्वांची खिचडी करणे, हा दोष.

तथापि असमान संख्येचा एक उपद्रव खराच आहे, तो सांगितला पाहिजे. निरोगी माणसांची मापे बहुधा एकमेकांजवळ असतात. रुग्णांची विखुरलेली असतात, कारण कोणाचा आजार नवा तर कोणाचा जुनाट. लहान गटच अधिक विखुरलेला असेल आणि हिशेबात दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखाच धरला, तर मोठ्या गटाचा शांतपणा लहान गटास उसना मिळतो आणि फरक आहे त्याहून खात्रीचा वाटू लागतो. मोठा गट अधिक विखुरलेला असेल तर उलट घडते, खरा फरकही हातातून निसटतो. बी. एल. वेल्श यांनी १९४७ साली दोन्ही गटांचा विखुरलेपणा निरनिराळा धरून कसोटी कशी लावावी हे दाखविले. चिठ्ठ्यांची रीतही उपयोगाची आहे. ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ अशा चिठ्ठ्या करून त्या हजारो वेळा पिसाव्यात आणि इतका फरक केवळ योगायोगाने किती वेळा पडतो ते मोजावे. अट एवढीच की शहराच्या चिठ्ठ्या शहरातच पिसावयाच्या, जिल्ह्याच्या जिल्ह्यातच; नाही तर ज्या भुतास घालवावयाचे तेच मागील दाराने आत येते.

आजाराचा परिणाम एका केंद्रात ०.३० आणि दुसऱ्यात ०.१० असा निरनिराळाच निघाला, तर मात्र ‘एकच उत्तर’ असे काही उरत नाही. केंद्रांस समान मते दिली तर एक सरासरी येईल, वजनाप्रमाणे दिली तर दुसरी. संगणकाच्या निरनिराळ्या प्रणाली न विचारता ह्यांपैकी कोणती तरी एक रीत वापरून मोकळ्या होतात, आणि म्हणून तीच मापे देऊनही दोन अभ्यासकांची उत्तरे जुळत नाहीत. आपण कोणता प्रश्न विचारीत आहो हे मापे हाती येण्यापूर्वी ठरवून ठेवावे. उत्तर पाहून प्रश्न निवडणे ह्यास आमच्या धंद्यात नक्कल म्हणत.

हल्ली ह्या कामी ‘कॉम्बॅट’ नावाच्या रीतीचा मोठा बोलबाला आहे. जॉन्सन, ली व रॅबिनोविक यांनी ती २००७ साली जनुकांच्या मापांसाठी काढिली, आणि दहा वर्षांनी ती मेंदूच्या चित्रांकडे आली. प्रत्येक केंद्राचे माप किती वर-खाली सरकले आहे व किती ताणले गेले आहे, ह्याचा अंदाज ती मेंदूच्या अनेक भागांवरून एकदम बांधते, त्यामुळे लहान केंद्राचा अंदाजही फारसा भलतीकडे जात नाही. मग तेवढे सरकणे व ताणणे ती मापांतून वजा करिते. उपाय चांगला आहे, पण विषम गटांपाशी त्यास दुहेरी धार येते. रुग्ण कोण व निरोगी कोण हे तिला सांगितलेच नाही, तर यंत्राबरोबर आजारही थोडा धुतला जातो. आपल्याच उदाहरणात प्रत्येक केंद्राची सरसकट सरासरी वजा करून पाहा: शहराची ३.५६, जिल्ह्याची ३.१४. नंतर उरलेला फरक ०.२० नसून सुमारे ०.१३ भरतो. बरे, आजार कोणास आहे हे सांगून तो राखावयास लाविला, तर सरासरीचा फरक टिकतो, पण धुतलेली मापे जणू मूळचीच आहेत असे समजून पुढील कसोटी लाविली म्हणजे खात्री वाजवीपेक्षा फुगते. नायगार्ड, रोडलँड व होविग ह्या तीन नॉर्वेजियन संशोधकांनी २०१६ साली नेमका हाच इशारा दिला. मला विचाराल तर, ज्या ठिकाणी केंद्र व आजार दोन्ही एकाच समीकरणात ठेवता येतात तेथे मापे आधी धुऊन घेण्याची घाई करू नये.

आणि एक प्रश्न गणिताच्या थोडा पलीकडचा. केंद्राकेंद्रांत फक्त यंत्रेच निराळी असतात काय? माणसेही निराळी असतात. वय, शिक्षण, लहानपणीचा आहार, आजार किती वाढल्यावर रुग्णालयाची पायरी चढली, हे सर्व त्या ‘केंद्र’ नावाच्या एका शब्दात दडलेले असते. तो शब्द समीकरणातून पुसला की यंत्राच्या चुकीबरोबर ही खरी माहितीही जाते. जपानात ह्यावर एक नामी युक्ती केली गेली. नऊ निरोगी माणसांना बारा ठिकाणी हिंडवून प्रत्येक ठिकाणी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. माणसे तीच असल्यामुळे जो फरक दिसला तो यंत्रांचा, आणि तो वजा जाता जो राहिला तो माणसांच्या निवडीचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे दोन्ही फरक आजारांच्या फरकाहून लहान नाहीत, असे आढळले. नऊ माणसांच्या प्रवासखर्चात एवढे ज्ञान मिळणे मला तरी स्वस्त वाटते.

आता अखेरचे आणि सर्वांत अवघड प्रकरण. एखाद्या केंद्राने शंभर रुग्ण मोजले आणि निरोगी एकही नाही, तर? शंभर गुणिले शून्य भागिले शंभर, म्हणजे शून्य. वय वाढते तसे माप कसे घटते, किंवा रुग्णांत विखुरलेपणा किती असतो, अशा बाबतींत त्या शंभर जणांचा उपयोग होईल; पण रुग्ण व निरोगी यांच्या आतल्या तुलनेत ते केंद्र मुके आहे. तेथे आजार आणि यंत्र यांची गाठ अशी बसलेली असते की कोणत्याही समीकरणाने ती सुटत नाही. ती मापे घेण्यापूर्वीच सोडविली पाहिजे. रुग्णासोबत भाऊ, वहिनी, शेजारी असे कोणी तरी आलेले असतेच. त्यांच्यापैकी तेवढ्याच वयाच्या निरोगी माणसास विनंती करून त्याच यंत्रात निजविले, तर ते केंद्र बोलू लागते. पाच जण मिळाले तरी वजन सुमारे ४.७६ होते, दहा मिळाले तर नऊच्या वर जाते.

आणि ही गाठ एकाच रुग्णालयात, एकाच यंत्रावरही बसू शकते. पहिल्या वर्षी सर्व रुग्ण मोजून घेतले, मध्यंतरी कारखान्याचा माणूस येऊन यंत्राची प्रणाली बदलून गेला, आणि दुसऱ्या वर्षी निरोगी माणसे मोजली, तर दारावरची पाटी एक असली तरी हिशेबाच्या दृष्टीने ती दोन केंद्रे झाली, आणि दोन्ही मुकी. म्हणून नोंदवहीत नाव, वय आणि आजार यांच्या रकान्यांशेजारी माप घेतल्याची तारीख व त्या दिवशीची प्रणाली यांचाही एक रकाना असावा, आणि रुग्ण व निरोगी यांना पाळीपाळीने बोलवावे.